खारीला भूक लागू द्या

पत्र:

मी एकतीस वर्षांची आहे. दिवसा नोकरी करते आणि रात्री घरचं सगळं आटोपलं की चित्रं काढायला बसते. गेली तीन वर्षं एका खारीची चित्रमालिका काढतेय, आठवड्याला एक पट्टी. खारीचं नाव झुमकी. झुमकी हुशार आहे, हजरजबाबी आहे, झाडाखाली येऊन बसणाऱ्या माणसांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगते. सगळे म्हणतात, चित्रं छान जमतात. 'किती गोड!' असंही म्हणतात. पण पुढच्या आठवड्यात आधीची पट्टी कुणालाच आठवत नाही.

परवा माझा नऊ वर्षांचा भाचा राहायला आला होता. दप्तरावर स्नूपी, तो चित्रमालिकेतला कुत्रा, पाण्याच्या बाटलीवरही स्नूपी. मी त्याला झुमकी दाखवली. त्याने एकेक पट्टी नीट पाहिली आणि विचारलं, 'मावशी, हिला काय हवंय?' मला उत्तर सुचलं नाही. त्या रात्री झोप लागली नाही. ज्या माणसाने स्नूपी काढला, तो माझा भाचा जन्मायच्या कितीतरी आधी गेला. नवी पट्टी येणं तेव्हाच बंद झालं. तरी हा मुलगा त्या कुत्र्यावर जीव टाकतो. असं काय आहे त्या कुत्र्यात? आणि ते माझ्या खारीत नसेल, तर मी आता थांबावं का?

— झुमकीची आई

उत्तर:

प्रिय झुमकीची आई,

थांबू नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा भाच्याच्या वाक्यापाशी अडखळले. मुलांच्या मासिकांसाठी चित्रं काढण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. एवढ्या काळात कुठल्या संपादकाने मला इतका नेमका प्रश्न विचारल्याचं आठवत नाही. झुमकी कशी आहे, हे तुम्ही पत्रात सांगितलंत: हुशार, हजरजबाबी, शहाणी. तिचा जीव कशात अडकलाय, याबद्दल मात्र एक अक्षर नाही. आता स्नूपीबद्दल भाच्याला विचारून बघा. तो धडाधड सांगेल. त्याला जेवण वेळेवर हवं असतं. त्याला लढाऊ विमान उडवायचं असतं. मोठा लेखक व्हायचं असतं. शेजारच्या मांजराला तो टरकून असतो. आणि मुख्य म्हणजे, आपण फक्त एक पाळीव कुत्रा आहोत, हे त्याला कबूल नसतं.

स्नूपी पहिल्यांदा छापून आला तो ४ ऑक्टोबर १९५० रोजी. चार्ल्स शुल्झ यांची 'पीनट्स' ही मालिका सुरू होऊन जेमतेम दोन दिवस झाले होते आणि अमेरिकेतली अवघी सात वर्तमानपत्रं ती छापत होती. त्या पट्टीत एक छोटंसं पांढरं पिल्लू डोक्यावर फूल मिरवत चाललंय. वर खिडकीतल्या फुलझाडांना एक मुलगी पाणी घालतेय. पिल्लू खिडकीखाली येतं आणि पाणी नेमकं त्याच्या डोक्यावर पडतं. झालं, संपली पट्टी. पिल्लाला तेव्हा नावही नव्हतं, ते मिळालं नोव्हेंबरात.

मी ही पट्टी पहिल्यांदा पाहिली तेव्हा नुसती हसले आणि पान उलटलं. बऱ्याच वर्षांनी पुन्हा समोर आली तेव्हा चमकले. डोक्यावर फूल लावायची हौस, तो तोरा, आणि त्या तोऱ्यावर वरून येऊन पडलेलं पाणी! पुढच्या पन्नास वर्षांत हा कुत्रा वैमानिक झाला, कादंबरीकार झाला, गॉगल लावून कॉलेजातला रुबाबदार विद्यार्थी झाला. प्रत्येक वेळी त्याच्या डोक्यावर ते फूल होतं आणि प्रत्येक वेळी कुठून तरी पाणी पडलंच. शुल्झना ते त्या दिवशीच उमगलं होतं, असं मी म्हणणार नाही. बी तेवढं पडलं होतं.

ते उगवायला किती काळ लागला, हे तुम्हाला मुद्दाम सांगावंसं वाटतं, कारण तुम्ही तीन वर्षांत खचलात. सुरुवातीचा स्नूपी चार पायांवर चालणारं, चेंडूमागे धावणारं, मुलांच्या हातातल्या खाऊकडे आशेने बघणारं साधं पिल्लू होतं. तो नक्की कुणाचा, हेदेखील आधी स्पष्ट नव्हतं. त्याच्या मनातले शब्द वाचकांना दिसू लागले ते १९५२ च्या मे महिन्यात. आपल्या छोट्याशा लाकडी घराच्या छपरावर तो पहिल्यांदा आडवा झाला १९५८ च्या डिसेंबरात. छपरावर टाइपरायटर आला जुलै १९६५ मध्ये आणि छपराचं विमान झालं त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. म्हणजे आज तुमच्या भाच्याच्या बाटलीवर जो स्नूपी आहे, तो पूर्ण आकाराला यायला पंधरा वर्षं लागली. तीही रोज पट्टी काढून! तुम्ही तीन वर्षांत दीडशेच्या आसपास पट्ट्या काढल्या असतील. शुल्झ यांचा तेवढा ऐवज पहिल्या सहा महिन्यांतच भरला. एकूण भरल्या १७,८९७, आणि त्या काढायला हाताखाली मदतनीस नव्हता. मजकूर त्यांचा, पेन्सिल त्यांची, शाई त्यांची, फुग्यातली अक्षरंसुद्धा त्यांच्याच हाताची.

तुम्ही नोकरी सोडा आणि रोज काढा, असं मी सांगत नाहीये. एवढंच म्हणतेय की झुमकी कोण आहे, हे अजून तुम्हालाच कळलेलं नाही, आणि तीन वर्षांत ते न कळणं अगदी रीतसर आहे.

आता छपराबद्दल. इथे जरा रेंगाळणार आहे, कारण मला यातलं सगळ्यात जास्त हेच आवडतं.

सतरा-अठरा वर्षांची असताना मी स्नूपीच्या पट्ट्यांवर ट्रेसिंग पेपर ठेवून गिरवत असे. हात बसावा म्हणून. एकदा गिरवता गिरवता लक्षात आलं की या घराला खोली, म्हणजे तिसरी मितीच नाही. शुल्झ ते सुरुवातीला कोनातून काढत, त्याच्या दोन बाजू दिसत. पुढे त्यांनी ते कायमचं एका बाजूनेच दाखवलं: सपाट भिंत, वर छपराची कड आणि आडव्या फळ्यांच्या काही रेघा. छप्पर उतरतं आहे, म्हणजे स्नूपी झोपतो ती जागा खरं तर निमुळती, टोकदार धार असणार. तिच्यावर पाठ टेकून, कान खाली सोडून, पोट आभाळाकडे करून कुठला कुत्रा झोपेल? पण गिरवताना माझ्या मनात ही शंका एकदाही आली नव्हती. तुमच्या भाच्याच्याही आली नसेल. घर बाजूने काढल्यामुळे ती धार एक सरळ रेघ झाली आणि त्या रेघेवर काहीही करायची मुभा मिळाली. झोपता येतं, टंकलेखन करता येतं, उडता येतं.

आणि आतलं काय? आत वाचकाला कधीच नेलेलं नाही. १९६६ साली एका कथाभागात ते घर जळून जातं, तेव्हा स्नूपी काय काय गेलं म्हणून हळहळतो. त्यात बिलियर्ड्ससारख्या खेळाचं टेबल आहे आणि व्हॅन गॉगचं चित्र आहे! पुढे घर पुन्हा उभं राहतं आणि व्हॅन गॉगच्या जागी अँड्र्यू वाइथ या अमेरिकन चित्रकाराचं चित्र येतं. मला हे फार लोभस वाटतं. घराचं दार वाचकाला बंद आहे, म्हणून वाचक तिथे स्वतःची खोली सजवतो. त्या टेबलाचं चित्र शुल्झ यांनी एकदा जरी काढलं असतं, तरी ते एक टेबल होऊन बसलं असतं.

याच जातीचा दुसरा निर्णय आवाजाचा. स्नूपी बोलत नाही. त्याचे शब्द ढगासारख्या फुग्यात असतात, मनातल्या मनात. त्याचा मालक चार्ली ब्राऊन आणि बाकीची मुलं त्याच्याकडे बघून अंदाज बांधतात, कधी बरोबर, कधी साफ चुकीचा. वाचकाला मात्र सगळं ऐकू येतं. त्यामुळे स्नूपी आणि वाचक यांच्यात एक गुपित तयार होतं. ज्या मालकाने त्याला रोज जेवण आणून द्यायचं, त्याचं नाव त्याला आठवत नाही. तो मनातल्या मनात त्याला 'तो गोल डोक्याचा पोरगा' म्हणतो. हे चार्ली ब्राऊनला ठाऊक नाही, आपल्याला आहे. वाचक पात्राजवळ सरकतो तो अशा ठिकाणी. तुमची झुमकी माणसांशी मोठ्याने बोलते. तिचं सगळं उघड आहे, त्यामुळे वाचकाकडे तिचं राखून ठेवलेलं असं काहीच उरत नाही.

ते विमान कसं आलं, याची हकीकत साधी आहे. शुल्झ यांचा मुलगा पहिल्या महायुद्धातल्या विमानाची छोटी प्रतिकृती जोडत होता. ती बघता बघता त्यांना स्नूपीच्या डोळ्यांवर वैमानिकाचा चष्मा दिसला. मग तो छपरावर बसला, चामडी टोपी, गळ्यात वाऱ्यावर उडणारा मफलर. त्याच्या लेखी ते ब्रिटिशांचं सॉपविथ कॅमल विमान आणि समोर रेड बॅरन, म्हणजे मानफ्रेड फॉन रिश्टहोफेन हा खराखुरा जर्मन वैमानिक, ज्याच्या नावावर ऐंशी विमानं पाडल्याची नोंद आहे. त्या पट्ट्यांत रेड बॅरन एकदाही दिसत नाही. दिसतात ती घराच्या भिंतीला पडलेली गोळ्यांची भोकं आणि धूर. स्नूपी मूठ उगारून रेड बॅरनला शिव्याशाप देतो. मग शत्रूच्या मुलखातून लपतछपत परत निघतो. तो मुलूख म्हणजे मुलांच्या घरांमागची अंगणं आणि कुंपणं. वाटेत एखाद्या फ्रेंच कॅफेत शिरतो, युद्ध, विरह आणि एकटेपणाची दुःखं उगाळत रूट बिअरचे पेले रिचवतो. रूट बिअर हे तिथल्या मुलांचं गोड पेय आहे, दारू नव्हे.

आणि मग जेवणाची वेळ होते. गोल डोक्याचा पोरगा वाडगा घेऊन येतो. विमान तिथल्या तिथे लाकडी घर होतं आणि वीर वैमानिक कान उडवत, नाक आभाळाकडे करून नाचायला लागतो.

तो वाडगा नीट बघा. माझ्या मते सगळी किमया तिथे आहे. विमान चालवणारा कुत्रा काढणं फारसं अवघड नाही, कुणीही काढेल. पण ते विमान संध्याकाळी खाली उतरवून त्याला वाडग्यापाशी आणायला धीर लागतो, कारण पात्र मोठं झालं की ते मोठंच ठेवायचा मोह होतो. शुल्झ त्याला पुन्हा पुन्हा कुत्रा करून जमिनीवर आणत राहिले. त्याच्या कादंबऱ्यांचंही तेच. तो छपरावर बसून दर वेळी त्याच जुनाट अंधाऱ्या, वादळी रात्रीपासून सुरुवात करतो, प्रकाशकाला पाठवतो आणि टपालातून नकार येतो. मग पुढची कादंबरी, पुन्हा तीच रात्र. मला नकार आले तेव्हा मी त्याच पट्ट्या काढून बसायचे. मला त्यांची किती सोबत झाली, हे शब्दांत सांगता येणार नाही.

आता एक चूक सांगते. शुल्झ यांची. तुम्हाला तिचाच जास्त उपयोग होईल असं वाटतं. १९६१ साली त्यांनी मालिकेत फॅरन नावाचं मांजर आणलं. फ्रीडा नावाच्या मुलीचं, कुठेही उचलून न्या, अंग सैल सोडून लोंबकळत राहणारं. थोड्याच काळात त्यांनी ते काढून टाकलं. एक तर मांजर आपल्याला नीट काढता येत नाही, असं त्यांना वाटलं. आणि दुसरं महत्त्वाचं म्हणजे, खरं मांजर शेजारी आलं की स्नूपी खऱ्या कुत्र्यासारखा वागू लागला. त्याच्या कल्पनेचं जग पातळ व्हायला लागलं. नंतर त्यांनी शेजारच्या घरात एक भयंकर मांजर ठेवलं, पण ते कधीच दिसू दिलं नाही. स्नूपी काहीतरी लागट बोलतो आणि पुढच्या चौकटीत त्याच्या घराचा मोठा लचका उडालेला असतो. बस, तेवढंच. दिसणाऱ्या मांजराने जे बिघडवलं, ते न दिसणाऱ्याने दामदुपटीने भरून दिलं.

तुमच्या झाडाखाली जी माणसं येऊन बसतात, ती तुमचं फॅरन तर नाहीत ना? मला तशी दाट शंका आहे. माणूस समोर असला की झुमकीला त्याला काहीतरी सांगावं लागतं, म्हणून ती उपदेश करते. माणसं उठवा. दोन महिने झाड आणि खार, एवढंच काढा.

याच्या उलट वुडस्टॉकचं झालं. हे लहानसं पिवळं पाखरू स्नूपीला खऱ्याच्या दिशेने ओढत नाही. ते त्याच्या स्वप्नात बरोबर येतं, त्याच्या विमानाचं मेकॅनिक होतं, त्याचं सेक्रेटरी होतं. त्याला १९७० साली नाव मिळालं, आदल्या वर्षीच्या प्रसिद्ध संगीत महोत्सवावरून. त्याचं बोलणं म्हणजे फुग्यात उभ्या बारीक रेघा, बाकी काही नाही. स्नूपीला त्या कळतात. सोबतीला पात्र आणायचंच असेल तर असं आणा.

स्नूपी कायम एकाच उंचीवर राहिला, असंही नाही. मला स्वतःला सत्तरच्या दशकाच्या मध्यानंतरच्या काही पट्ट्या पातळ वाटतात. वेशभूषा वाढल्या, भावंडं आली, स्नूपीने इतकी जागा व्यापली की चार्ली ब्राऊनचं दुःख मागे पडलं. तरी त्या भावंडांतला स्पाइक मला फार आवडतो. तो कॅलिफोर्नियातल्या नीडल्स गावाजवळच्या वाळवंटात निवडुंगांशी बोलत एकटा राहतो. शुल्झ लहानपणी काही काळ त्या गावात राहिले होते. आणि स्पाइक हे त्यांच्या लहानपणच्या कुत्र्याचं नाव. हा काळा-पांढरा कुत्रा टाचण्या, बारीक खिळे, दाढीची पाती असलं काहीही गिळायचा. १९३७ साली पंधरा वर्षांच्या आतल्या शुल्झनी त्याचं चित्र काढून पाठवलं आणि ते रिप्ले यांच्या 'विश्वास ठेवा अगर ठेवू नका' या सदरात छापून आलं. त्यांचं छापलेलं पहिलं चित्र ते.

आणि स्नूपी हे नाव? शुल्झ यांच्या मनात आधी स्निफी होतं, पण त्या नावाचा कुत्रा दुसऱ्या एका चित्रमालिकेत आधीच होता. तेव्हा त्यांना आईचं बोलणं आठवलं. पुन्हा कधी कुत्रा पाळला तर त्याला स्नूपी म्हणू, असं ती म्हणाली होती. आई १९४३ साली गेली. शुल्झ तेव्हा विशीत होते, नुकतेच लष्करात भरती झालेले. सात वर्षांनी त्यांनी तिचं ते नाव कागदावरच्या कुत्र्याला दिलं.

हे मी का सांगतेय? तुमच्या झुमकीचं नाव कुठून आलं, हे तुमच्या पत्रात नाही. मला ते जाणून घ्यायचंय. नुसतं कानाला गोड लागलं म्हणून ठेवलं असेल तरी हरकत नाही. पण कुणाची तरी आठवण असेल, एखादी खार खरंच तुमच्या खिडकीत येत असेल, तर त्या आठवणीत तुमच्या कामाचं काही नक्की असेल.

तुम्ही दप्तर आणि बाटलीचा उल्लेख केलात. त्या वस्तूंमुळे तो मुलांपर्यंत पोचतो हे खरंच आहे आणि त्यामागे मोठा व्यापार आहे. पण दप्तरांवर दरवर्षी पन्नास चेहरे येतात आणि पुढच्या वर्षी नसतात. तुमच्या भाच्याने पट्ट्या पाहून हवं-नकोचा प्रश्न विचारला. हे डोळे त्याला बाटलीने दिलेले नाहीत. त्याने कुठेतरी त्या पट्ट्या वाचल्या असणार. कारण २००० साली शुल्झ गेल्यावर नवी पट्टी दुसऱ्या कुणी काढली नाही, तरी जुन्या अजून वर्तमानपत्रांत छापल्या जातात. ते गेले १२ फेब्रुवारीच्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची शेवटची रविवारची पट्टी लोकांच्या हातात होती.

अवकाशातली गोष्ट सांगितल्याशिवाय मात्र मला राहवणार नाही, भाच्यालाही सांगा. मे १९६९ मध्ये 'अपोलो १०' चंद्राकडे गेलं. मुख्य यानाचं नाव चार्ली ब्राऊन आणि चंद्राच्या जवळ उतरत जाणाऱ्या छोट्या यानाचं नाव स्नूपी. हे स्नूपी चंद्राच्या पृष्ठभागापासून साधारण १५ किलोमीटरपर्यंत खाली गेलं, पण उतरलं नाही. उतरायचा मान दोन महिन्यांनी 'अपोलो ११' ला मिळाला. इतकं जवळ जाऊन परत! मला कायम वाटतं, छपरावरच्या त्या वैमानिकाला याहून साजेशी मोहीम मिळाली नसती.

आता झुमकीचं बघू.

तुम्ही तिला शहाणी केलीत आणि तिथेच ती अडकली. शहाण्या प्राण्याला काही हवं नसतं. त्याला सगळं आधीच कळलेलं असतं. थोडं शहाणपण काढून घ्या आणि तिला खार होऊ द्या. खारींच्या कित्येक जाती दाणे आणि बिया जागोजागी पुरून ठेवतात आणि त्यातलं सगळंच त्यांना परत सापडत नाही. न सापडलेल्या बियांतून कधी कधी झाड उगवतं. तुमच्या हातात केवढं धन पडलंय, बघा! हिने काहीतरी फार मोलाचं पुरलंय आणि कुठे, ते आठवत नाही. मग ती खजिन्याचा नकाशा काढेल. समुद्रावरची कप्तान होईल. दुसऱ्या कुणी चोरलं असणार म्हणून गुप्तहेर होऊन एखाद्या कावळ्याचा पाठलाग करेल. आणि दिवस मावळला की तिला भूक लागेल. हे मी सुचवलंय म्हणून असंच करा, असं नाही. तुमच्या खारीची भूक तुम्हालाच सापडायला हवी आणि ती याहून वेगळी निघाली तर मला आनंदच होईल.

पुढचे आठ आठवडे तिला मोठ्याने बोलू देऊ नका. विचारांचे फुगे चालतील. पहिल्या दोन-तीन पट्ट्यांत तेही नकोत. नुसत्या शेपटीतून तिचा राग, आनंद, गोंधळ दिसतो का, ते बघा. स्नूपीचा आनंद गिरवताना माझ्या लक्षात आलं होतं की त्यात तोंड जवळजवळ नाहीच. नाकाचं टोक वर गेलं, कान उडाले, पाय जमिनीपासून सुटले की झालं. खारीला तर शेपटी आहे, शुल्झना हेवा वाटावा अशी!

तिची एक जागा ठरवा. स्नूपीला छप्पर आहे, तशी तिला एक फांदी किंवा ढोली द्या. ती नेहमी एकाच बाजूने काढा. आत काय आहे, ते कुणाला दाखवू नका, स्वतःलाही नाही.

रेघ सुबक व्हावी म्हणून कष्ट घेऊ नका. शुल्झ यांचा हात शेवटच्या वर्षांत थरथरत असे. ती थरथर रेघेत स्पष्ट दिसते. त्यांनी ती लपवली नाही आणि ब्रश किंवा टाक दुसऱ्याच्या हातात दिला नाही. त्या काळातला स्नूपी मी गिरवून पाहिला, पण माझ्या स्थिर हाताला तो जमेना. कडा थोड्या कापऱ्या होत्या म्हणूनच तो तसा दिसत होता, म्हातारा होत चाललेला आणि तरीही छपरावर चढणारा.

आणि एक विनंती. जुन्या दीडशे पट्ट्या टाकून देऊ नका. एका संध्याकाळी त्या सगळ्या जमिनीवर मांडा आणि त्यात कुठे चुकून झुमकीच्या डोक्यावर फूल आलंय का, ते शोधा. एखाद्या चौकटीत ती बोलत नसेल, कुठेतरी दुसरीकडेच बघत असेल. तुम्ही मागची जागा भरायला ती काढली असेल. ती चौकट कापून टेबलासमोर चिकटवा आणि तिथून पुढे काढायला लागा.

आठ पट्ट्या झाल्या की भाच्याला बोलवा. काही समजावू नका, काही विचारू नका. पट्ट्या त्याच्या हातात द्या आणि तो कुठल्या चौकटीवर थांबतो, तेवढं बघा. मग मला कळवा. ती चौकट मलाही पाहायची आहे.